हिरव्या रंगाविना जंगल

आमच्या भागात पेंटरला नावापेक्षा रंगावरून ओळखतात. लाखांदूरच्या बाजारात ‘शालिक पेंटर कुठं राहतात?’ असं विचारलं तर चार माणसं आपसात चर्चा करतील. ‘पोपटी पेंटर’ म्हणा, पानठेल्यावरचा माणूस हातातलं पान तसंच ठेवून तुम्हाला वळणापर्यंत सोडायला येईल.

तो पोपटी पेंटर मी. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, लग्नघरच्या दारावरचे हत्ती आणि मुख्य म्हणजे नाटकांचे पडदे, यांत माझी हयात गेली. पाट्यांचं काम पुढं फ्लेक्सनं नेलं. पडदा मात्र अजून आमच्या हातात आहे, कारण फ्लेक्सवर फोकस पडला की तो आरशासारखा चमकतो आणि वारा सुटला की नटापेक्षा जास्त बोलतो.

ज्यांनी झाडीपट्टीतलं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातलं, नाटक पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. धान घरात आलं, दिवाळी सरली की आमच्याकडं नाटकांचा हंगाम लागतो, तो होळीपर्यंत. गावोगाव मंडप पडतात, पाहुण्यांनी घरं भरतात आणि कंपन्या ट्रकमध्ये सामान घालून या गावाहून त्या गावाला फिरतात. त्या सामानात बांबूवर गुंडाळलेले पडदे असतात. जंगल, महाल, रस्ता आणि गरिबाची झोपडी. नाटक कोणतंही असो, माणसाच्या आयुष्यात जे व्हायचं ते या चार ठिकाणीच होतं.

पडदा करायचा म्हणजे मांजरपाटाचे पट्टे शिवून भिंतीएवढं कापड करायचं, त्याला खळ द्यायची, आणि वाळलं की पावडरचे रंग सरसात कालवून लावायचे. ऑइल पेंट चालत नाही. तो गुंडाळल्यावर पापडासारखा तडकतो आणि पहिल्याच प्रयोगात राजाच्या मुकुटावर महालाचे पोपडे पडतात.

गिऱ्हाइकांच्या तऱ्हा तर विचारू नका. एका कंपनीतल्या खलनायकानं हट्ट धरला, की तो जिथं उभा राहतो त्याच्या बरोबर मागं महालाच्या भिंतीवर वाघाचं मुंडकं काढा. काढलं. पुढल्या वर्षी तो कंपनी सोडून गेला आणि त्याच्या जागी बुटका खलनायक आला. वाघाचा उघडा जबडा नेमका त्याच्या डोक्यावर यायला लागला. लोक त्याचे संवाद सोडून वाघ तोंड कधी मिटतो याची वाट पाहायचे. तुमसरच्या एका राइस मिलवाल्यानं पांढऱ्या भिंतीवर पांढऱ्या तांदळाची रास काढायला सांगितली. ‘दाणा न् दाणा दिसला पाहिजे,’ म्हणाले, पण भिंतीचा रंग बदलायचा नाही, तो मालकीणबाईंच्या पसंतीचा. मी राशीवर एक पोपट बसवला. तांदूळ काही दिसला नाही, पण पोपट पडत नाही म्हणजे त्याच्या पायाखाली काहीतरी आहे, एवढं लोकांना कळलं.

पोपटीवर माझा जीव होता. दुरून दिसतो, कंदिलात दिसायचा, आता एलईडीतही दिसतो. माझं जंगल पोपटी, महालाचे खांब पोपटी, रस्त्यावरच्या घरांची दारं पोपटी, झोपडीवरचा वेलही पोपटी. जोडीला राणी आणि फिरोजी रंग. कधी कोणी काही बोललं नाही. मग एका वर्षी होळी झाल्यावर मोतीरामजी घरी आले.

मोतीरामजी लाखांदूरच्याच एका नाटक कंपनीचे मालक, माझं जुनं गिऱ्हाईक. ते खुर्चीत बसले आणि चहा नको म्हणाले. चहा नाकारणारं गिऱ्हाईक चांगली बातमी आणत नाही.

“शालिकभाऊ, आमची नायिका हरवली,” ते म्हणाले.

मला वाटलं पळून गेली. “कोणासंगं?”

“कोणासंगं नाही जी. तुमच्या जंगलात हरवली.”

झालं असं, की नायिकेनं हौसेनं नवी पोपटी साडी घेतली होती. जंगलाचा पडदा लागला, तिचं गाणं सुरू झालं आणि लोकांना नुसता एक चेहरा आणि दोन हात झाडांमधून इकडून तिकडं जाताना दिसले. मागून एकानं विचारलं, “बाई कुठं आहे?” पुढून दुसऱ्यानं सांगितलं, “तू गाणं ऐक. दिसन कधी तरी.”

“आन् दुसरं,” मोतीरामजी म्हणाले, “तुमच्या महालात आन् जंगलात लोकायले फरकच समजून नाही राहिला. राजा दरबारात बसला, तर एक बुढा बाजूच्याले विचारते, हा वनवासाले कधी गेला?”

मी हसलो, ते हसले नाहीत. “दिवाळीच्या आधी मले नवीन जंगल पाहिजे. येगळं. जमत नसन तर आताच सांगा. मी तुमसरच्या वासुदेव पेंटरले सांगतो.”

वासुदेव पेंटर माझ्यापेक्षा वयानं मोठे. जिल्ह्यात पडदा म्हटला की एक त्यांचं नाव निघायचं, एक माझं. त्यांचे रंग सगळे मातकट. ‘त्यांचा पडदा पाहिला की धुवायला टाकावासा वाटते,’ असं मी चारचौघांत म्हणायचो. माझ्या पडद्याला ते ‘डोळ्यातली मिरची’ म्हणायचे. हे दोन्ही शेरे गिऱ्हाइकांनी इकडून तिकडं अगदी वेळेवर पोचवले होते.

मी कामाला लागलो. अंगणात बसून कागदावर जंगलाचे नमुने केले. माझी मुलगी प्राची भंडाऱ्याला शाळेत चित्रकला शिकवते, ती चैत्रात सुटीला घरी आली होती. तिनं सगळे कागद ओळीनं मांडले आणि म्हणाली, “बाबा, हे एकच आहे ना?”

“येगळं करून राहिलो मी. पण हात पोपटीकडंच जाते.”

“मग पोपटी जवळ ठेवूच नका. आम्ही शाळेत मुलांकडून एक खेळ करून घेतो. दुसऱ्या चित्रकाराचं चित्र पाहायचं, त्यानं जे रंग वापरले तेवढेच घ्यायचे आणि त्याच रंगांत आपलं चित्र काढायचं. चित्र आपलं, रंग त्याचे.”

तिनं फोनवर परदेशातल्या मोठ्या चित्रकारांची चित्रं दाखवली. चित्रं चांगलीच होती, पण जिथं तिथं धुकं नाहीतर बर्फ. मी म्हणालो, “हे आपल्या कामाचे नाही. याइच्या गावात पळस नाही.”

“मग जवळचा कोणी घ्या. तुमच्या अगदी उलटा कोण आहे?”

स्वयंपाकघरातून माझी बायको कुसुम म्हणाली, “तुमसरवाले.”

दोन दिवस मी ऐकू न आल्यासारखं केलं. तिसऱ्या दिवशी बसमध्ये बसलो. तुमसरला माझा मेव्हणा राहतो, त्यामुळं मुक्कामाची अडचण नव्हती. अडचण तोंड उघडायची होती.

वासुदेवभाऊंचं काम एका राइस मिलच्या मागच्या गोदामात चालायचं. मिलचा कोंडा उडून ओल्या पडद्यावर बसायचा, म्हणून त्यांच्या पडद्यांना हात लावला की खरखरीत लागतात. दारात मला पाहून त्यांनी दोरीनं बांधलेला चष्मा वर केला.

“भाऊ,” मी म्हणालो, “तुमचे रंग उसने पाहिजेत.”

ते आत गेले आणि गेरूचा डबा घेऊन आले. “एवढ्यात भागते?”

“डबा नाही जी. रंग पाहिजे.”

“मग डब्यात काय आहे? लोणचं?”

मी प्राचीचा खेळ समजावून सांगितला. चित्र माझं, रंग तुमचे, पोपटी नाही, राणी नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“काहून? तुमचे सरले काय?”

“पोरगी म्हणते, यानं अभ्यास होते.”

“कोणाचा अभ्यास? तुमचा का माझा?”

मग मी मोतीरामजींचीही गोष्ट सांगितली, नायिका हरवल्यापासून. वासुदेवभाऊंनी बोटांवर हिशोब लावल्यासारखं केलं. “मतलब, तुम्हाले जंगल नाही जमलं तर ते काम मले भेटते.”

“हो.”

“आन् ते जमावं म्हणून तुम्ही माझ्याकडंच आले.”

“हो.”

ते इतके हसले की चष्मा दोरीवर लोंबकळला. “असा माणूस मी पाहिला नाही. करा. पण इथंच करा, माझ्यासमोर. रंग घरी न्यायचे नाही.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी गोदामाच्या दारात माझी पिशवी तपासली. डब्याखाली पोपटीची पुडी निघाली. मी ती मुद्दाम ठेवली नव्हती. माणूस घराबाहेर पडताना रुमाल घेतो, तशी ती आली होती.

“हे काय?”

“चटणी,” मी म्हणालो.

त्यांनी पुडीचा वास घेतला, खिशात घातली आणि संध्याकाळी निघताना परत दिली. पुढं रोज दारात माझी झडती व्हायची.

त्यांचे रंग म्हणजे गेरू, पिवडी म्हणजे पिवळी माती, नीळ, काजळी आणि पांढरा. बस. मी भिंतीवर कापड ताणलं, कोळशानं झाडं आखली आणि विचारलं, “हिरवा कुठं आहे?”

“नाही.”

“मग जंगल कसं करता?”

“मी कुठं जंगल करून राहिलो? तुम्ही करून राहिले.”

पहिलं जंगल मी गेरूत केलं. वासुदेवभाऊ जेवून आले, पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, “आग लागली, पाणी आणू काय?” ते पुसून मी हिरवा येईल म्हणून पिवडी आणि नीळ भरमसाट कालवली. ते शिळ्या खिचडीसारखं दिसायला लागलं. मिलचे हमाल दुपारी विडी ओढायला तिथं बसायचे. त्यातल्या एकानं विचारलं, “हा गरिबाच्या झोपडीचा पडदा आहे का?” रात्री जेवताना मेव्हण्यानं काम कुठवर आलं विचारलं. साठीला आलेल्या माणसाला झाड काढता येत नाही, हे मेव्हण्याला कोणत्या तोंडानं सांगायचं?

सकाळी मी कापडासमोर नुसता बसून राहिलो. माझ्या घरी काही सुचलं नाही की मी पोपटीचं झाकण उघडतो. इथं झाकणच नव्हतं. म्हणून नाइलाजानं मी जंगल आठवायला लागलो. येताना साकोलीच्या अलीकडं बसच्या खिडकीतून रान दिसलं होतं. त्यात पोपटी झाड मी एकही पाहिलं नव्हतं. मोहाला नवी पालवी आली होती, ती तांब्यासारखी लाल. ती तर सरळ गेरूच होती. धावड्याची खोडं राखेच्या रंगाची. खाली वाळलेल्या पानांचा थर, तो पिवडीचा. आणि लांब झाडांच्या पाठीमागं जो निळसर अंधार असतो, जिथं माणूस सहसा पाहत नाही, ती नीळ.

मी मागून पुढं काम सुरू केलं. आधी लांबचा अंधार, मग खोडं, मग पालवी. मध्येच काजळीचा ब्रश चुकून पिवडीच्या वाटीत गेला. मी शिवी देणार, तेवढ्यात वाटीत पाहिलं तर रंग हिरवट झालेला. सावलीतल्या सागाच्या पानासारखा, जुना, मुरलेला हिरवा.

“भाऊ, हिरवा सापडला,” मी म्हणालो.

वासुदेवभाऊ त्यांच्या पडद्यावरून मान न वळवता म्हणाले, “सापडल्यावर सांगायचं नसते. वापरायचं असते.”

जंगल पूर्ण झालं त्या दिवशी ते बराच वेळ त्याच्यासमोर उभे राहिले. मग पडदा गुंडाळायला त्यांनी स्वतः बांबूचं एक टोक धरलं, आणि हमालांना जवळ येऊ दिलं नाही.

लाखांदूरला कंपनीच्या अंगणात आम्ही पडदा टांगला. मोतीरामजी होते, नाटकाचे लेखक होते आणि ती हरवलेली नायिकाही होती. पडदा उलगडला. नायिका दोन पावलं मागं सरली.

“मले इथं गाणं नाही म्हणता येणार,” ती म्हणाली. “भेव लागते.”

मोतीरामजी कपाळाला हात लावून म्हणाले, “शालिकभाऊ, मी गाण्याचं जंगल सांगतलं होतं. हे वाघाचं झालं.”

पण लेखक पडद्याजवळ जाऊन खोडांच्या मागं पाहत होते, जसं काही तिथं कोणी उभं आहे. ते म्हणाले, “मालक, पडदा राहू द्या. गाणं काढतो.” त्यांनी नायिकेच्या गाण्याच्या जागी नायक रस्ता चुकल्याचा प्रवेश लिहिला. वाघ दाखवायचा नाही, नुसती डरकाळी, ती वाजंत्रीवाल्यानं विंगेतून काढायची. त्या प्रवेशाला लहान पोरं आईच्या पदराखाली शिरायला लागली आणि मोठी माणसं पुन्हा पुन्हा पाहायला. लाखांदूर तालुक्यात ते नाटक ‘वाघाचं नाटक’ म्हणून चाललं. मूळ नाव काय होतं ते आता लेखकालाही आठवत नाही.

हंगाम ऐन भरात असताना एक दिवस वासुदेवभाऊ माझ्या दारात उभे. हातात कापडी पिशवी, चेहरा चिडलेला.

“काय झालं भाऊ?”

“जो भेटते तो म्हणते, काय जंगल केलं तुम्ही. माझं नाही म्हटलं तर म्हणते, गेरू दिसते ना जी. काम तुम्ही केलं, नाव माझं झालं. न केलेल्या कामाचं नाव मी घरात ठेवत नाही. तुमचे रंग काढा, एक पडदा मीही त्यात करतो.”

मोतीरामजींना महालही नवा हवाच होता. वासुदेवभाऊ आमच्याकडं मुक्कामाला राहिले. अटी त्याच, फक्त उलट्या. गेरू नाही, काजळी नाही. मी त्यांची पिशवी तपासली. त्यात एक धोतर आणि चष्म्याची जादा दोरी निघाली.

मी डबे मांडले. त्यांनी राणी रंगाचं झाकण उघडलं आणि लगेच लावलं. “हा रंग आहे का हॉर्न?” पोपटीच्या डब्याकडं त्यांनी पाहिलंही नाही. मग ते अंगणात कापडासमोर बसले ते बसलेच. पूर्ण दिवस. दुसऱ्या दिवशीही तसेच. कुसुमनं चहा देताना विचारलं, “भाऊ, महाल आपोआप येते काय?”

“येते,” ते म्हणाले. “वाट पाहावी लागते.”

त्यांनी सुरुवात केली ती पांढऱ्यानं. मग फिरोजीत एवढं पाणी घातलं की माझा जीव वरखाली झाला, आणि त्या पाण्यातून खांबांच्या सावल्या काढल्या. राणी त्यांनी एका दाराच्या पडद्याला लावला, बाकी कुठं नाही. शेवटी लांबच्या भिंतीत एक लहान खिडकी काढली आणि त्या खिडकीतून दिसणारं बागेचं एक टोक पोपटी केलं. तळहाताएवढं. ब्रश धुऊन ते हात पुसायला लागले.

मी थोडा मागं जाऊन पाहिलं. थोरलं गारगार दालन, आणि त्यातून नजर धावत जाऊन त्या खिडकीतल्या पोपटीवर थांबते. राजा एकटा आहे आणि त्याला बाहेर जायचं आहे, हे कोणी न सांगता कळत होतं.

कुसुम कणकेचे हात घेऊन बाहेर आली. खिडकीकडं पाहत म्हणाली, “हा रंग आपल्या घरी होता काय?”

“होता,” मी म्हणालो. “डबा तोच आहे.”

ती आत गेली. एवढी वर्षं मी तो रंग बादलीनं वापरला, आणि तो काय करू शकतो हे मला दुसऱ्याच्या हातानं कळलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण पाहुण्याला पुरणपोळी केली होती, ती मात्र दोघांनी बरोबरीनं खाल्ली.

पुढं मोतीरामजींच्या कंपनीचा प्रयोग पवनी तालुक्यातल्या कोंढ्याला झाला. एकाच नाटकात माझं जंगल आणि वासुदेवभाऊंचा महाल. आठवड्यानं मला कोंढ्याच्या मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला.

“शालिकभाऊ, आमच्या मंडळाले स्वतःचे पडदे करायचे आहेत. महाल तुमच्याकडून पाहिजे. आमच्या गावात लागला होता, तसाच.”

“तो माझा नाही जी. तुमसरच्या वासुदेवभाऊंचा आहे.”

अध्यक्ष हसले. “असं कसं? त्यात राणी आहे, फिरोजी आहे, खिडकीत पोपटी आहे. आंधळाही सांगन कोणाचा आहे ते.”

“आन् जंगल?”

“ते वासुदेव पेंटरचं. ते त्याइलेच सांगतलं. तेही म्हणत होते, माझं नाही, शालिकभाऊचं आहे. तुम्ही दोघं एकमेकाची लय इज्जत करता बापा.” फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, “पण तसाच करजा हां. तुमचे पहिलेचे महाल होते, तसा नको.”

मी कापड ताणलं, स्वतःचे डबे मांडले. पांढरा लावला, फिरोजीत पाणी घातलं. खांब आले, पण ते पाण्यात बुडाल्यासारखे दिसायला लागले. खिडकी काढली, तिच्यात पोपटी भरला, तर तिथं खिडकी न दिसता शेवाळ दिसलं. राणी रंगाच्या पडद्याकडं पाहून कुसुम म्हणाली, “कोणाचं लुगडं वाळत घातलं?” मी ब्रश खाली ठेवला, अंघोळ केली आणि तुमसरची बस धरली.

वासुदेवभाऊ गोदामात बाकावर बसले होते. समोर ताणलेलं कोरं कापड, खाली गेरूचा डबा उघडा, आणि हात मांडीवर. मला पाहून त्यांनी चष्मा वर केला.

“काय पाहिजे?”

“माझे रंग कसे वापरायचे ते शिकायले आलो,” मी म्हणालो.

ते बाकावर थोडे सरकले आणि मला जागा दिली.

“शिकवतो,” ते म्हणाले. “पण आधी मले माझं जंगल शिकवा. अध्यक्ष परवा पाहायले येऊन राहिले.”